पकड आणि शेपूट

पाठ टेकून बसा. मनगटावर दोन बोटं ठेवा आणि नाडी लागेपर्यंत थांबा. बोटांखालून जाणाऱ्या रक्तात प्रतिपिंडं आहेत. डेंग्यूच्या रिपोर्टात ‘आयजीजी’ म्हणून दिसतात ती. प्रत्येकाला वर दोन हात, खाली एक शेपूट. आधी फक्त हातांच्या टोकांवर लक्ष राहू द्या.

कुलूप-किल्लीची शाळेतली उपमा मला फार नेटकी वाटते. टोक विषाणूच्या एका लहानशा भागावर बसतं. तसाच भाग दुसऱ्या विषाणूवर असला, तर तिथेही बसतं, कधी जरा सैल. जेनरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस टोचून माणसाची देवी अडवली, ती अशाच साम्याच्या जोरावर.

आता डेंग्यू मनात आणा. त्याचे प्रकार चार. एक होऊन गेला की त्याच्यापासूनचं संरक्षण बहुधा कायमचं. बाकी तिघांपासूनचं थोडे महिने. पुढे दुसरा प्रकार आला, तर जुनी प्रतिपिंडं त्याला धरतात. धरतात, पण निकामी करू शकत नाहीत.

इथे थांबा. श्वास सावकाश सोडा. लक्ष हातांवरून शेपटीकडे आणा. भक्षक पेशी ती शेपूट पकडून सगळं आत ओढते. तिचं रोजचंच काम. पण विषाणू अजून शाबूत आहे, आणि वाढायला त्याला हीच पेशी हवी होती.

क्यूबात १९७७ साली पहिला प्रकार पसरला. १९९७ मध्ये सांतियागो दे कूबा शहरात दुसरा आला, तेव्हा गंभीर झाले ते जवळजवळ सगळे प्रौढ, पहिल्या साथीतून गेलेले. मधे वीस वर्षं.

आता तान्हं बाळ डोळ्यांपुढे आणा. आईची प्रतिपिंडं वारेतून त्याच्याकडे आलेली. पहिले काही महिने ती विषाणूला पुरून उरतात. मग विरळ होत जातात, आणि सहाव्या महिन्यानंतर धोका वाढतो. प्रतिपिंड तेच, आईचंच. फक्त संख्या घटली. या मुद्द्यावर हवा तितका वेळ रेंगाळा. मला तो अजून नीट पचलेला नाही.

डेंग्यूची पहिली लस आली, तेव्हा आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना पुढे गंभीर आजाराचा धोका वाढल्याचं दिसलं. म्हणून २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती टोचण्यापूर्वी रक्त तपासायला सांगितलं. नुसतं विचारून भागत नाही. डेंग्यूची बरीच लागण कसलंही लक्षण न दाखवता होऊन जाते.