कलाकृतीचें जन्मवृत्त

एखादी कलाकृति सिद्ध झाल्यावर ती कशी झाली हें जाणण्याची इच्छा धरणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न नवा नाहीं. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दूरचित्रवाणीनें तो आम्हांपुढें निराळ्या रूपानें उभा केला आहे. इंग्लंड-अमेरिकेंत १९६० नंतरच्या दोन दशकांत 'रॉक' नांवाच्या संगीताचे जे आल्बम, म्हणजे सलग ऐकावयाच्या गाण्यांचे संच, निघाले, त्यांपैकीं कांहींना आतां अभिजात कृतींचा मान मिळाला आहे. आणि ते कसे घडले हें सांगणारे माहितीपट काढण्याचा तिकडे प्रघातच पडला आहे. 'क्लासिक आल्बम्स' ही ब्रिटिश माला त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. या माहितीपटांचा सांचा बहुधा ठरलेला असतो. आतां वृद्ध झालेला वादक किंवा ध्वनियंत्रज्ञ मिश्रणाच्या मेजापाशीं बसतो, मूळ फीत चालू करतो, आणि एकेक कळ वरखालीं सरकवून, एरव्हीं एकजीव ऐकूं येणाऱ्या गाण्यांतून केवळ ढोल, केवळ गिटार, किंवा केवळ एक कंठ वेगळा काढून दाखवितो.

या प्रकारावर पहिला आक्षेप रसिकांकडून येतो. जें एकसंध आहे त्याची फोड केली कीं त्यांतील जादू नाहींशी होते, असें त्यांचें म्हणणें. १८१७ सालीं डिसेंबर महिन्यांत चित्रकार हेडन याच्या घरच्या मेजवानींत लॅम आणि कीट्स यांनीं न्यूटनवर हाच आरोप ठेवला होता: लोलकांतून रंग वेगळे करून दाखवून त्यानें इंद्रधनुष्यांतील काव्यच नष्ट केलें. आरोप थोर कवीचा असला तरी अनुभवाच्या कसोटीला तो उतरत नाहीं. श्रावणांत मूर्तिकाराच्या कारखान्यांत मातीचा गोळा आणि अर्धवट सोंड पाहून आलेला मनुष्य भाद्रपदांत त्याच मूर्तीपुढें हात जोडून उभा राहतो, आणि त्याच्या भक्तींत तिळमात्र उणेपणा येत नाहीं. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या १९६७ च्या आल्बमच्या फिती त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीं १९९२ सालच्या एका माहितीपटांत उलगडून दाखविल्या. तें काम चार ट्रॅकच्या यंत्रांवर झालें होतें. चारहि ट्रॅक भरले म्हणजे ते दुसऱ्या फितीवर एकत्र उतरवून जागा मोकळी करावी लागे. हें कळल्यानें गाणें लहान होत नाहीं. मात्र कारागिरीचें कौतुक निराळें आणि रसाचा आस्वाद निराळा. माहितीपट पहिली गोष्ट देतो. तिनें दुसरीची जागा घेतली नाहीं म्हणजे झालें.

तेव्हां खरा प्रश्न रसाचा नसून सत्याचा आहे. जन्मवृत्त सांगतो कोण? जो हयात आहे तो, आणि कृति यशस्वी झाली आहे हें ठाऊक असलेला. यशाच्या शिखरावरून मागें पाहिलें म्हणजे प्रत्येक चुकलेली वाट त्या शिखराकडेच येत होती असें दिसूं लागतें. योगायोगाला योजनेचें आणि भांडणाला सर्जनशील तणावाचें रूप येतें. शिवाय ज्याच्या संमतीवांचून त्याचें गाणें वाजवितां येत नाहीं त्याला अप्रिय प्रश्न विचारणें माहितीपटकाराला जड जातें, हेंहि उघड आहे. बीटल्सच्या जानेवारी १९६९ मधील तालमींचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे. मायकेल लिंडसे-हॉग यांनीं त्या वेळीं घेतलेल्या चित्रणांतून 'लेट इट बी' हा चित्रपट १९७० च्या मे महिन्यांत निघाला. संघ फुटल्याची वार्ता महिन्यापूर्वींच जगजाहीर झालेली. प्रेक्षकांना त्यांत फुटीचीच चिन्हें दिसलीं. पुढें पीटर जॅक्सन यांनीं सुमारें ६० तासांच्या त्याच चित्रणांतून जवळजवळ आठ तासांचा 'गेट बॅक' २०२१ सालीं सिद्ध केला, आणि लोकांना त्यांत हास्यविनोद व सख्य दिसलें. दोहोंपैकीं खोटें कोणतेंच नव्हे. परंतु निवडणें हेंहि एक सांगणें आहे. नवल असें कीं, जॉर्ज हॅरिसन तालीम सोडून निघून गेले ही सर्वांत गंभीर घटना पहिल्या, उदास मानल्या गेलेल्या चित्रपटांत नव्हती; ती दुसऱ्या, आनंदी म्हणविल्या गेलेल्या कथनांत आली.

याच 'गेट बॅक'मध्यें आणखी एक प्रसंग आहे. उपाहारगृहांतील फुलांच्या कुंडींत ध्वनिग्राहक लपवून लेनन व मॅकार्टनी यांचें खासगी बोलणें टिपलें गेलें होतें. तें बावन्न वर्षांनीं, लेनन यांच्या मृत्यूलाहि चार दशकें लोटल्यावर, जगाला ऐकविण्यांत आलें. कृति जाणण्याचा अधिकार आम्ही मानतों. पण कृतीच्या नांवाखालीं दाराला कान लावण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला? कलावंतानें आपलें म्हणून जें जगापुढें ठेवलें तें जगाचें. जें ठेवलें नाहीं तें त्याचें, हाच सामान्य नियम असावा. त्याला अपवाद आम्हांला एकच दिसतो: तिसऱ्या कोणावर झालेला अन्याय त्या गुप्ततेंत दडलेला असेल तर. त्या संभाषणाचा विषय हॅरिसन यांच्याशीं या दोघांचें वर्तन कसें झालें हाच होता, म्हणून तें प्रकट करणें क्षम्य ठरावें. निव्वळ कुतूहलाला एवढी सवलत देतां येणार नाहीं.

येथें आम्ही मूळ मुद्यावर येतों. जन्मवृत्त सांगण्याचें सर्वांत बळकट नैतिक समर्थन कुतूहलांत नसून ऋणांत आहे. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ च्या आल्बमांत एक गाणें शब्दांवांचून केवळ एका स्त्रीच्या आक्रोशमय आलापीनें उभें राहिलें आहे. क्लेअर टोरी या गायिकेला त्या कामाचे तीस पौंड मिळाले. गायिका म्हणून तिचें नांव वेष्टनावर छापलें गेलें, पण रचना मात्र एकट्या रिचर्ड राइट यांच्या नांवावर राहिली. जी आलापी तिनें जागच्याजागीं उभी केली ती रचना नव्हे काय? २००४ सालीं तिनें दावा लावला, २००५ सालीं तडजोड झाली, आणि तेव्हांपासून सहरचनाकार म्हणून तिचें नांव लागतें. बत्तीस वर्षें कोट्यवधि कानांनीं जें ऐकलें तें कागदावर यावयाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

दुसरें उदाहरण आमच्या अधिक जवळचें आहे. वर उल्लेखिलेल्या 'सार्जंट पेपर'मधील हॅरिसन यांच्या गाण्यांत लंडनमधील एशियन म्यूझिक सर्कलच्या भारतीय वादकांनीं दिलरुबा, तंबोरा व तबला वाजविला. १९६७ च्या वेष्टनावर त्यांचीं नांवें नव्हतीं. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी हीं नांवें एकत्रितपणें लोकांपुढें येण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. हें अपरिहार्य होतें असें कोणी म्हणूं नये. 'गेट बॅक' या गाण्याच्या १९६९ च्या तबकडीवर बीटल्सच्या जोडीला बिली प्रेस्टन हें नांव छापलें गेलेंच होतें. करावयाचें मनांत असेल तर करतां येतें.

म्हणून अशा माहितीपटांना आमच्या मतें एकच कसोटी लावावी. मेजापाशीं बसलेला मनुष्य कळ वर सरकवितो तेव्हां कोणाचा आवाज वर येतो? जो आधींच सर्वांत मोठ्यानें ऐकूं येत होता त्याचाच येत असेल, तर तो माहितीपट म्हणजे जुन्या मालाची नवी जाहिरात होय. जो सर्वांच्या आवाजाखालीं दबून गेला होता त्याचा येत असेल, आणि त्या आवाजामागोमाग नांवहि येत असेल, तर तें सत्कृत्य आहे. गाणें ऐकून आनंद घेण्यास कोणाचेंहि नांव ठाऊक असण्याची गरज नाहीं. परंतु ज्यांनीं तो आनंद दिला त्यांचीं नांवें कळण्याची संधि येऊनहि ज्यानें तीं विचारलीं नाहींत, त्याला फुकटखाऊ रसिक म्हणावें लागेल.