दृष्ट उपायांचे मोल : पाठदुखी, मालीशयंत्र आणि दुःखनिवृत्तीचा प्रश्न

पाठ आणि मान यांचे दुखणे सांख्य तत्त्वज्ञांच्या वर्गीकरणात आध्यात्मिक दुःखात मोडते. माणसाच्या स्वतःच्या शरीरातून किंवा मनातून उपजते ते आध्यात्मिक, इतर प्राण्यांकडून येते ते आधिभौतिक आणि दैवी शक्तींमुळे ओढवते ते आधिदैविक. ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ या तीन दुःखांच्या आघातापासूनच सुरू होते आणि लगेच एक आक्षेप विचारात घेते. दुःखावर डोळ्यांना दिसणारे, हाताशी असलेले उपाय आहेत, मग तत्त्वज्ञानाची गरज काय? उत्तर असे दिले आहे की दृष्ट उपायांनी दुःख जाईलच अशी खात्री नसते आणि गेलेले दुःख परत येणारच नाही अशीही नसते. वाचस्पती मिश्रांनी ‘सांख्यकारिके’वरच्या आपल्या टीकेत शारीरिक दुःखावरचा दृष्ट उपाय म्हणून वैद्यांच्या औषधांचे उदाहरण घेतले. मानेवर आणि पाठीवर चालवायचे विजेचे मालीशयंत्र हा त्याच जातीचा आजचा उपाय आहे. जो उपाय निश्चित नाही आणि कायमचाही नाही, त्याचे धर्माच्या दृष्टीने मोल काय, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहतो.

सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा येथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा महामार्ग यांच्या चौफुलीवर हे गाव आहे. भोवती कापड विणणारे, रंगवणारे आणि छापणारे कारखाने आहेत. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार या राज्यांतून आणि खानदेशातून आलेले कामगार या पट्ट्यात राबतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या कितीतरी मराठी कुटुंबांची सुरत ही आता दुसरी पिढी पोसणारी कर्मभूमी आहे. यंत्रमागावरचा कामगार एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवतो आणि तुटलेला धागा जोडायला पुन्हा पुन्हा वाकतो. रंगाईच्या कारखान्यात ओल्या कापडाचे ओझे ओढावे लागते. शहरातला हिऱ्याचा कारागीर हिरा घासण्याच्या चाकावर, म्हणजे घंटीवर, मान खाली घालून बसतो. महामार्गावरचा ट्रकचालक तासन्‌तास हादरे खातो. पाठ भरून येणे, मान अवघडणे, कमरेत उसण भरणे हे येथे कामाबरोबर येणारे भोग मानले जातात.

दुखणे कसे निर्माण होते ते आधी पाहिले पाहिजे. माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते. डोके मणक्यांच्या रेषेत असते तेव्हा मानेमागच्या स्नायूंना थोडाच जोर लावावा लागतो. मान पुढे झुकली की हा भार तरफेसारखा वाढतो आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस व मणक्यालगतचे उभे स्नायू सतत आकुंचित राहतात. चालताना स्नायू आळीपाळीने आवळतो आणि सैल होतो, त्यामुळे रक्त खेळते राहते. एकाच स्थितीत ताणलेल्या स्नायूत मात्र आतला दाब वाढून सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात. प्राणवायूचा पुरवठा कमी पडतो, वेदना जागवणारी रसायने साचतात आणि वेदनेच्या भीतीने माणूस तो भाग आणखी आवळून धरतो. चिंता आणि अपुरी झोप यांमुळे हे चक्र घट्ट होते. सांख्यांनी शारीर आणि मानस अशी दोन्ही दुःखे एकाच आध्यात्मिक वर्गात ठेवली, त्याचे औचित्य या चक्रात दिसते.

बाजारातल्या यंत्रांचे मुख्य प्रकार चार. हातात धरून ठोके देणारे यंत्र, म्हणजे मसाज गन, सेकंदाला साधारण २० ते ५० ठोके देते. खुर्चीवर ठेवायच्या किंवा मानेभोवती अडकवायच्या यंत्रात फिरत्या गोळ्या असतात आणि त्या बोटांसारख्या स्नायू मळतात. काही यंत्रांत मळण्याबरोबर ऊब असते. चौथा प्रकार त्वचेवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विद्युत्स्पंद देणारा आहे. तो खऱ्या अर्थाने मालीश करत नाही, पण हेतू तोच. कल्पना नवी नाही. स्वीडनमधील गुस्ताव झांडर या डॉक्टरने १८६५ साली स्टॉकहोममध्ये संस्था काढून व्यायाम आणि मर्दन यांसाठी यांत्रिक साधने वापरली.

ही यंत्रे तीन मार्गांनी काम करतात. पहिला मार्ग मज्जारज्जूतला. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. स्पर्श आणि दाब यांची वर्दी नेणारे मज्जातंतू जाड व वेगवान असतात, तर वेदनेची वर्दी नेणारे बारीक आणि संथ. मज्जारज्जूत स्पर्शाची वर्दी जोरात आली की वेदनेची वाट अंशतः अडते. दुखरी जागा चोळली की बरे वाटते ते यामुळेच, आणि यंत्राचे ठोके हेच काम अथकपणे करतात. दुसरा मार्ग स्थानिक आहे. दाब आणि ऊब यांमुळे त्वचेतले व वरच्या थरातले रक्ताभिसरण वाढते, ऊती मऊ पडतात आणि हालचालीची कक्षा काही काळ रुंदावते. तिसरा मार्ग एकंदर मज्जासंस्थेचा. एकसारख्या, सुखद स्पर्शाने सावधपणाचा पीळ सुटतो, श्वास संथ होतो आणि माणूस स्नायू आवळून धरणे सोडतो. मालीशमुळे लॅक्टिक आम्ल निघून जाते हा समज मात्र चुकीचा आहे. ते आम्ल श्रमानंतर थोड्याच वेळात शरीर आपोआप वापरून टाकते.

कंप हा स्वतः गुणही नाही आणि दोषही नाही, हे कडोदऱ्याच्या महामार्गावर विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे चार ते सहा कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि अवजड वाहनाचे हादरे याच पट्ट्यात असतात. वर्षानुवर्षे ते सोसलेल्या चालकाची कंबर धरते. तोच कंप वेगळ्या गतीने, ठरावीक जागी, थोडा वेळ दिला तर आराम देतो. आयुर्वेदाने प्रत्येक उपचाराला मात्रेचे बंधन घातले ते अशाच कारणाने. चरकाने आणि वाग्भटाने दिनचर्येत रोजचा अभ्यंग सांगितला आणि तो केव्हा करू नये हेही सांगितले. यंत्रालाही तोच नियम लागू आहे. एका जागी मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठोके देऊ नयेत. मणक्याच्या हाडावर, मानेच्या पुढच्या भागावर आणि बाजूच्या रक्तवाहिन्यांवर यंत्र कधीही चालवू नये. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरची वेदना असेल तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तवाहिनीत गुठळी असलेले आणि हाडे ठिसूळ झालेले रुग्ण यांनी आधी विचारून घ्यावे.

आता सांख्यांचे दोन आक्षेप या उपायाला लावून पाहता येतात. आराम निश्चित आहे का? मालीश आणि कंबरदुखी यांविषयीच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ साली घेतलेला आढावा सांगतो की अल्पकाळ फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे. आराम टिकतो का? त्याच आढाव्यात दीर्घकालीन लाभ ठळकपणे दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. इतके व्यापक दुखणे एका साधनाने निकालात निघत नाही. सांख्यांचा आक्षेप येथे शब्दशः खरा ठरतो. परंतु दृष्ट उपाय पुरा नाही यावरून तो निरर्थक आहे असे सिद्ध होत नाही. भूकही रोज परत येते, म्हणून अन्नदान व्यर्थ ठरत नाही.

शरीराला आराम देणे ही आसक्ती आहे का, याविषयी भारतीय परंपरांची उत्तरे वेगवेगळी आहेत. जैनांच्या ‘दशवैकालिक सूत्रा’त मुनींना वर्ज्य असलेल्या गोष्टींत अंगमर्दनही आहे, कारण मुनीने देहाची ममता सोडायची असते. तो नियम स्वतःहून व्रत घेतलेल्या मुनीचा आहे. पोटासाठी बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराची वेदना हे तप नव्हे, कारण ती त्याने निवडलेली नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला दंभाने छळणाऱ्यांना आसुरी म्हटले आहे आणि सहाव्या अध्यायात आहार, विहार, श्रम, झोप व जागरण यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो असे सांगितले आहे. पतंजलींनी आसन सिद्ध होण्याचा मार्ग म्हणून प्रयत्नाची शिथिलता सांगितली. गरज संपल्यावरही चालू राहिलेला प्रयत्न हेच स्नायूंच्या ताणाचे स्वरूप असल्याने हे सूत्र पाठदुखीच्या मुळाशी पोचते.

बौद्ध परंपरेचे उत्तर सर्वांत मानवी आहे. मज्झिम निकायातील सेख सुत्तानुसार कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर बुद्धांनी पुढचे निरूपण आपल्या आनंद या शिष्याकडे सोपवले, कारण त्यांची पाठ दुखत होती आणि त्यांना ती टेकवायची होती. ज्ञानी पुरुषाचीही पाठ दुखते आणि त्याने ती टेकवण्यात कमीपणा नाही. संयुत्त निकायातील दोन बाणांचा दृष्टान्त याला पूरक आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, तो सर्वांनाच लागतो. दुसरा बाण त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा, तो ज्ञान्याला लागत नाही. मालीशयंत्र पहिल्या बाणाची बोच कमी करते. दुसऱ्या बाणावर त्याचा इलाज चालत नाही, तेथे स्वतःचे चित्तच कामाला लावावे लागते.

मालीश हा मुळात एका माणसाने दुसऱ्याला दिलेला स्पर्श आहे, आणि भक्तिपरंपरेने त्याला सेवेचे स्थान दिले. आई-वडिलांचे पाय चेपणाऱ्या पुंडलिकासाठी विठोबा विटेवर थांबला, ही पंढरपूरची कथा श्रेष्ठतेचा क्रम स्पष्ट करते. थकलेल्या देहाची सेवा देवाच्या भेटीहूनही आधी येते. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींना आपल्या हातांनी मालीश केले, तेव्हा समाजाने टाकलेल्या माणसाला स्पर्श परत मिळाला. शरीरशास्त्रही हाताचे वेगळेपण मान्य करते. त्वचेतील काही मंद मज्जातंतू सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने हळुवार फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि आपुलकीच्या भावनेशी जोडलेले असतात. यंत्राचे ठोके हे तंतू फारसे जागवत नाहीत. तरीही खोलीत एकट्या राहणाऱ्या, घर शेकडो कोस दूर असलेल्या कामगाराला पाठ रगडून देणारे कुणी नसते. त्याच्यासाठी यंत्र हा सेवेचा पर्याय नसला तरी दिलासा आहे. एका सहकाऱ्याने ते दुसऱ्याच्या पाठीवर धरले तर त्यात सेवेचा अंशही येतो.

उरतो तो कारणाचा प्रश्न. कारखाना अधिनियम, १९४८ ने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तास, दिवसाला नऊ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. सुरतेच्या यंत्रमाग पट्ट्यात बारा तासांची पाळी रूढ आहे. रात्री यंत्राने सैल केलेला स्नायू सकाळी पुन्हा त्याच पाळीला उभा राहत असेल तर आराम दुःखाची मुदत वाढवण्यापुरता उरतो. दुःखाच्या कारणालाच हात घालण्याचे उदाहरण येथून दूर नाही : कडोदऱ्यापासून जवळच असलेल्या बारडोलीत १९२८ साली शेतकऱ्यांनी अन्यायी शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला. गांधीजींच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत आहे. श्रमाला व्रत मानणाऱ्या समाजावर श्रमणाऱ्याच्या पाठीची जबाबदारी आपोआप येते : कामाच्या उंचीला साजेसा ओटा, बसायला आसन, तासातासाला पाठ ताणण्याची सवड, आलटून पालटून काम आणि माणसाला झेपेल इतकी पाळी. मान आणि पाठ बळकट करणारा नियमित व्यायाम व चालणे हा कामगाराने स्वतः करायचा भाग आहे आणि त्याचा परिणाम मालीशपेक्षा जास्त टिकतो.

दृष्ट उपायांचे मोल यातून ठरवता येते. वेदना कमी करणारे यंत्र धर्माच्या विरुद्ध नाही, कारण न निवडलेले दुःख सोसत राहण्यात पुण्य नाही. ते धर्माची पूर्तीही नाही, कारण ते वेदनेची वर्दी मंद करते, कारण हटवत नाही. सांख्यांनी दृष्ट उपाय अपुरे ठरवले ते माणसाने त्यापुढे विचार करावा म्हणून. पुढचा विचार दोन दिशांनी जातो. एक दिशा आत, चित्ताच्या दुसऱ्या बाणाकडे. दुसरी बाहेर, ज्या व्यवस्थेत पाठ वाकते तिच्या दुरुस्तीकडे. यंत्राने मिळालेला थोड्या वेळाचा आराम माणसाला या दोन्ही कामांसाठी उसंत देतो, आणि त्याची धार्मिक सार्थकता तेवढीच, पण खरी आहे.