पाच वाजता आलेले मजूर आणि मुदत टळलेला अर्ज

सामान्य काळातील पंचविसावा रविवार, वर्ष अ
वाचने : यशया ५५:६-९, मत्तय २०:१-१६



आजच्या शुभवर्तमानातील दृश्य आपल्या वऱ्हाडाला परके नाही. सोयाबीनची सोंगणी असो की कापसाची वेचणी, भल्या सकाळी चौकात मजुरांचा ठिय्या भरतो. शेतमालक येतात, धडधाकट माणसे निवडतात आणि घेऊन जातात. उन्हे वर आली की मागे उरतात ते म्हातारे, अशक्त आणि नवखे, ज्यांची गावात कुणाशी ओळख नाही असे.

प्रभू येशूच्या दाखल्यातील मालक मात्र एकदा येऊन थांबत नाही. तो पहाटे येतो, नऊ वाजता येतो, दुपारी बाराला येतो, तीनला येतो आणि दिवस मावळायला तासभर उरला असता पाच वाजता पुन्हा येतो. तेव्हाही तिथे उभे असलेल्यांना तो विचारतो, की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? ते सांगतात, की आम्हाला कुणी कामावर लावलेच नाही. उशीर झाला होता हे खरे, पण तो आळसाचा उशीर नव्हता. त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचलेच नव्हते.

पवित्र शास्त्रात उशिराची आणखी एक गोष्ट आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारिका आपल्याला ठाऊक आहेत. पाच जणी तेल आणायला गेल्या, परत आल्या तोवर दार बंद झाले होते. एका दाखल्यात उशिरा आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळते, दुसऱ्यात उशिरा आलेल्याला दार उघडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच प्रभूच्या मुखातून आल्या आहेत. देवाच्या दयेला घड्याळ नाही, पण माणसाच्या आयुष्यातील काही दारे घड्याळावर चालतात. आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टाही सांगतो, की प्रभू जवळ आहे, तो सापडेल असा आहे, तोवरच त्याला शोधावे.

आज मी अशाच एका घड्याळावर चालणाऱ्या दाराविषयी बोलणार आहे. दुसऱ्या देशातून लग्न होऊन आपल्या देशात आलेल्या सुनेचे, क्वचित जावयाचे, आणि वेळेवर न केलेल्या अर्जाचे.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की लग्न लागले म्हणजे सून इथली झाली. वेदीसमोर हे अगदी खरे आहे. लग्नसंस्कारात दोघे एकदेह होतात, तिथे पासपोर्टचा रंग कुणी पाहत नाही. पण देशाच्या कायद्यात तसे होत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ५ नुसार, भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मागता येते, परंतु अर्जापूर्वी सात वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. त्यातील शेवटचे बारा महिने सलग इथे काढलेले असावेत आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे. बऱ्याच देशांच्या नागरिकांना लग्न नोंदलेले असेल आणि ते दोन वर्षे टिकून असेल, तर ओसीआय कार्डही मागता येते. पाकिस्तान व बांगलादेशच्या नागरिकांना मात्र ते मिळत नाही. नेपाळच्या लेकीला इथे राहायला व्हिसा लागत नाही, पण नागरिक व्हायचे तर तिलाही अर्ज करावाच लागतो.

तोवर काय? तोवर व्हिसा, त्याची नोंदणी आणि मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी साधारणपणे १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंद करायची असते. ही मुदत टळली, व्हिसा संपला आणि सून घरातच राहिली, तर कायदा तिला बेकायदा स्थलांतरित म्हणतो. तिने काही चोरले नाही, कुणाला फसवले नाही. ती पोळ्या लाटत होती, सासऱ्यांचे औषध पाहत होती. पण बेकायदा स्थलांतरिताला कलम ५ खाली नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात मुदतीपलीकडे राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याहून जड गोष्ट तिच्या लेकरांची. ३ डिसेंबर २००४ पासून आपल्या देशात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघे भारतीय असतील, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तरच ते मूल जन्माने भारतीय ठरते. बाळ जन्मले त्या दिवशी आईचा व्हिसा संपलेला असेल, तर वडील इथले असूनही त्या बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह उभे राहते. एका कागदाचा कंटाळा आणि त्याचे ओझे न बोलता येणाऱ्या जिवावर!

तारखेचे हे दुखणे आपल्या भागाला नवे नाही. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात, अकोल्याच्या सिंधी कॅम्पात वसली. आज ते आपले शेजारी आणि दुकानदार आहेत. आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात त्यांच्यासाठी एक तारीख होती : १९ जुलै १९४८. त्याआधी येऊन इथेच राहिलेला नागरिक मानला गेला. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्याला सहा महिने राहून, घटना लागू होण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० पूर्वी अर्ज करून नोंद करावी लागली. एकाच घरातील थोरला भाऊ आधीच्या गाडीने आला आणि धाकटा आजारी आईला घेऊन महिनाभराने आला, तर दोघांसाठी नियम वेगळे.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध लोकांची हत्या झाली आणि त्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. ज्यांच्याकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा होता त्यांना राहता आले. ज्यांचा अर्ज व्हायचा होता, किंवा कुठेतरी अडकला होता, त्यांच्यावर कठीण वेळ आली. अटारीच्या फाटकापाशी आईच्या हाती एका देशाचा पासपोर्ट आणि लेकराच्या हाती दुसऱ्या देशाचा, अशी कुटुंबे उभी राहिलेली देशाने पाहिली. देशाला आपल्या रक्षणाचा अधिकार आहे, हे ख्रिस्तसभाही मानते. पण ते फाटक पाहून आपण एक शिकायला हवे. जो कागद शांततेच्या दिवसांत सहज होतो, तो संकटाच्या दिवशी होत नाही.

मग उशीर का होतो? प्रिय जनहो, इथे मी तुम्हाला पुन्हा त्या ठिय्यावर नेतो. त्या सुनेला विचारा, दिवसभर अशी का उभी राहिलीस? ती सांगेल, मला कुणी सांगितलेच नाही. भाषा येत नव्हती. पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात होता. यांना रजा मिळत नव्हती. पोलीस ऑफिसात जायची भीती वाटत होती. एजंटने पैसे घेतले आणि होऊन जाईल म्हणाला. काही घरांत याहून वाईट घडते. कागद मुद्दाम केला जात नाही, म्हणजे सून धाकात राहील, कुठे तक्रार करणार नाही. बंधूंनो, स्पष्ट सांगतो, बायकोचा पासपोर्ट दडवणे हे पाप आहे. ते पापनिवेदनात सांगावे आणि त्याच दिवशी पासपोर्ट तिच्या हाती द्यावा.

पवित्र शास्त्रात अशा एका सुनेच्या नावाचे संपूर्ण पुस्तक आहे. रूथ मवाबी होती. मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा अनुवादाच्या पुस्तकात नियम होता. नवरा वारला, तरी ती सासूला सोडून गेली नाही. बेथलेहेमात येऊन दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचू लागली. पुढे काय झाले ते नीट पाहा. कायदा कुणाला ठाऊक होता? सासूला, नामीला. तिने सुनेला बसवून सगळे समजावले. वेशीवर कोण गेले? बवाज गेला, जो गावचा होता, ज्याचे शब्द तिथे ऐकले जात. वेस म्हणजे त्या काळचे कलेक्टर ऑफिस. त्याने दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवले आणि त्याच दिवशी प्रकरण मार्गी लावले. आज नाही तर उद्या, असे तो म्हणाला नाही. त्या परदेशी सुनेच्या वंशात दावीद राजा जन्मला आणि मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहून ठेवले.

घरोघरी नामी आणि बवाज हवेत. सासूने समजावायचे, नवऱ्याने वेशीवर जायचे. संत योसेफानेही तेच केले. कैसराची आज्ञा निघाली तेव्हा तो गरोदर मरियेला घेऊन नाव नोंदवायला बेथलेहेमला गेला. पुढे त्याच कुटुंबाला मिसरात परदेशी म्हणून राहावे लागले. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी लिहिताना नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले.

कुणी म्हणेल, फादर, आपण स्वर्गाचे नागरिक, मग या कागदांचे एवढे काय? स्वर्गाच्या नागरिकत्वाविषयी फिलिप्पैकरांना लिहिणारा संत पौल फटक्यांसाठी बांधला गेला तेव्हा त्याने रोमन नागरिकत्व सांगून स्वतःचा बचाव केला होता. कागद हा देव नाही, पण दुबळ्याच्या डोक्यावरचे ते छप्पर आहे.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही रहिवासाचे नियम आहेत. कुठे कायमचे राहण्याच्या हेतूने आलात, किंवा पाच वर्षे पूर्ण राहिलात, की तिथला रहिवास मिळतो. तीन महिन्यांनीही एक प्रकारचा रहिवास मिळतो. आणि ज्याला कुठेच रहिवास नाही, अशा भटक्याचा धर्मगुरू कोण? कॅनन १०७ सांगते, की तो ज्या ठिकाणी प्रत्यक्ष आहे तिथला. म्हणजे ख्रिस्तसभेत धर्मगुरू नाही असा माणूसच नाही. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांनी हे ऐकावे. या मंदिराचे दार व्हिसा विचारत नाही.

आता थोडे कामाचे बोलू. घरात परदेशातून आलेली सून किंवा जावई असेल, तर आज जेवणानंतर पासपोर्ट काढा आणि व्हिसाची अखेरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. लग्नाचा सरकारी दाखला घेतला नसेल तर घ्या. पासपोर्टमधील नाव आणि लग्नाच्या नोंदीतील नाव एकच आहे का, ते पडताळा. अर्जाची पोच जपून ठेवा, मूळ कागद एजंटकडे सोडू नका. आणि मुदत टळलीच असेल तर लपू नका. चांगल्या वकिलाला सोबत घ्या आणि उशिराचे कारण खरे खरे लिहून स्वतः अधिकाऱ्यांसमोर जा. उशिरा केलेल्या अर्जालाही कधी वाट मिळते, न केलेल्या अर्जाला कधीच मिळत नाही.

आपल्या लेकी परदेशी नांदायला जातात, त्यांनाही हेच लागू. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर आधी दोन वर्षांचेच ग्रीन कार्ड मिळते आणि ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नीने मिळून पुढचा अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर योग्य कारण लेखी द्यावे लागते. नवरा छळत असेल तर एकटीला अर्ज करण्याची सोय तिथे आहे. फोनवर लेकीला जेवलीस का विचारता, तसेच तुझे कार्ड कधी संपते तेही विचारा.

आणि आपण सारे, ज्यांच्या घरी हा प्रश्न नाही? दाखल्यातील मालक पाच वाजता पुन्हा चौकात गेला. आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत कोण उभे आहे ते पाहायला आपण जाऊ या. कुणाला अर्ज भरता येतो, कुणाला रांगेत सोबत उभे राहता येते, कुणाला तिच्याशी नुसते दोन शब्द बोलता येतात. पहाटेपासून राबलेल्या मजुरांसारखी कुरकुर करू नका, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले आणि ही कालची आलेली आमच्या बरोबरीची कशी? मालकाने उत्तर देऊन ठेवले आहे. मी चांगला आहे, याचे तुला वाईट का वाटावे?

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू मिसर देशात परका होतास. आमच्या घरात दुरून आलेल्या सुना-जावयांना तुझ्या आईची माया दे. त्यांच्या नवऱ्यांना योसेफाची तत्परता दे, सासवांना नामीचे शहाणपण दे. कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यांना न्यायाबरोबर दयाही दे. ज्यांना उशीर झाला आहे त्यांची भीती काढून टाक आणि त्यांना सोबत देणारी माणसे आमच्यातूनच उभी कर. आमेन.