डावीकडून की उजवीकडून?

आज चिंतनाला गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला 'लोकसंग्रह' हा शब्द घेऊया. लोकांना एकत्र सांभाळून धरणं, असा त्याचा साधा अर्थ. मला तो जरा नीट उमगला तो अमेरिकेत गाडी चालवताना.

आपण डावीकडून चालवतो, ते उजवीकडून. यात खरं कोण? कुणीच नाही. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरची वाहनं थांबली, सावकाश पलीकडच्या बाजूला गेली आणि ५ वाजता पुढे निघाली. सगळा देश डावीकडून उजवीकडे! म्हणजे चार वाजता जी शिस्त होती, तीच सहा वाजता अपघाताचं कारण.

मग जो नियम एका पहाटेत उलटा होतो, तो पाळण्यात धर्म कसला? खरं बोलावं, चोरी करू नये, हे काही देश बदलला म्हणून बदलत नाही. काहीजण म्हणतात, हा नुसता सरकारी कायदा, अध्यात्माचा काय संबंध? मला नाही पटत. बाजू माणसांनीच ठरवली, मान्य. पण समोरून येणारा अनोळखी माणूस, मी माझ्या बाजूला राहीन या भरवशावर आपली लेकरंबाळं गाडीत घालून निघालेला असतो. न बोलता दिलेला तो शब्दच आहे.

तिकडे चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेले चौक असतात. सिग्नल नाही, हवालदार नाही. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याचा मान पहिला. (आपल्या चौकात हे कुणाला सांगून बघा!)

आता रात्रीचे दोन वाजलेत, चौक रिकामा आहे. थांबायचं का? भरवसा मोडायला समोर माणूसच नाही. तरी थांबावं, असं मला वाटतं. देव बघतोय म्हणून नाही, तर 'कुणी नाही' हे माझ्याच डोळ्यांनी ठरवलेलं असतं म्हणून. अंधारात गडद कपड्यांतला पायी चालणारा त्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

खरी पंचाईत सुट्टीला पुण्यात आल्यावर होते. लाल दिव्याला थांबलं की मागचा हॉर्न वाजवतो, कारण त्याचा भरवसा आपण निघून जाऊ यावर असतो. अशा वेळी लोकसंग्रह कशात, पाटीवरच्या नियमात की चालू रीतीत? मी थांबते, आरशात मागे बघत बघत. तुम्ही काय करता?