अग्नीखेरीज आणखी एक साक्ष

जुन्या मैत्रिणी कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने पुन्हा एकत्र येतात, या एवढ्याच सूत्रावर गेल्या तीस वर्षांत कितीतरी चित्रपट उभे राहिले. 1994 चा ऑस्ट्रेलियन ‘म्युरिअल्स वेडिंग’, ग्रीक बेटावर घडणारा 2008 चा ‘मामा मिया’, 2011 चा अमेरिकन ‘ब्राइड्समेड्स’, गोव्यात घडणारा 2015 चा ‘अँग्री इंडियन गॉडेसेस’, दिल्लीतला 2018 चा ‘वीरे दी वेडिंग’ आणि अगदी अलीकडचा, 2024 चा ‘द फॅब्युलस फोर’. देश वेगळे, धर्म वेगळे, नायिकांची वयेही विशीपासून सत्तरीपर्यंत. तरी गाठीभेटीचे निमित्त मात्र एकच. याचे सरळ उत्तर असे देता येईल की पटकथेच्या दृष्टीने लग्न सोयीचे असते: माणसे आपोआप जमतात, कपडे-गाणी-भांडणे यांना जागा मिळते. पण नुसती सोयच पाहायची तर श्राद्धही चालले असते, वाढदिवसही चालला असता. लग्नच पुन्हा पुन्हा का निवडले जाते, या प्रश्नाचे खरे उत्तर धर्मविचारात सापडते, असे मला वाटते. लग्न म्हणजे आयुष्यभराचे वचन, आणि वचनाला साक्षीदार लागतो. हे चित्रपट, त्यांच्या कर्त्यांना जाणवले असो वा नसो, एक फार जुना प्रश्न विचारतात: स्त्रीच्या वचनाची खरी साक्षीदार कोण?

आपल्या विवाहविधीने साक्षीचा विचार किती बारकाईने केला आहे ते पाहा. होमातला अग्नी साक्षीला असतो. देवाब्राह्मणांना साक्षी मानले जाते. रात्री वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. माणसांमध्येही प्रत्येकाची जागा ठरलेली: अंतरपाटाशी वधूला घेऊन येणारा मामा, कन्यादान करणारे आईवडील, लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालणारा आणि पुढे नवरदेवाचा कान पिळणारा भाऊ, मागे उभी राहणारी करवली, सूनमुख पाहणारी सासू. या साऱ्या मांडणीत वधूच्या मैत्रिणीला एकही जागा नाही. ती अक्षता टाकते, फोटोत उभी राहते, पंगतीत जेवते आणि निघते. पाश्चात्त्य लग्नात निदान वधूशेजारी उभे राहण्याचा मान तरी तिला मिळतो. आपल्याकडे ज्या नात्यात वधू सर्वांत जास्त मोकळेपणाने बोलली, तेच नाते विधीच्या वेळी मुके राहते. ही उणीव लहान नाही, कारण साक्ष म्हणजे नुसती हजेरी नसते. पुढच्या चाळीस वर्षांचे वचन आज देणारी ही मुलगी नेमकी कोण आहे, ती हे स्वतःच्या मनाने बोलते आहे की कुणाच्या तरी, हे ज्याला कळते त्याच्याच साक्षीला अर्थ असतो. अग्नी पवित्र आहे, पण या मुलीला आठवीच्या वर्गात काय व्हायचे होते, हे तो सांगू शकणार नाही.

साक्षी आणि सखा यांचे नाते आपल्या तत्त्वज्ञानाला अपरिचित नाही. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे चित्र आहे. एक पक्षी फळे खातो, दुसरा काही न खाता पाहत राहतो. परंपरेने यात जीव आणि परमात्मा पाहिले, आणि पाहणाऱ्याच्या भूमिकेवर वेदान्ताने पुढे पुष्कळ चिंतन केले. पण तिथे एक गोष्ट आवर्जून सांगितलेली आहे: हे दोघे एकमेकांचे सखे आहेत. पाहणारा परका नाही, न्यायाधीशही नाही. ज्याला फळ नको आहे आणि तरीही जो झाड सोडून जात नाही, तो हा साक्षी. माणसांच्या जगात या वर्णनाच्या सर्वांत जवळ जाणारे नाते मैत्रीचे आहे. लग्नातून मैत्रिणीला काही मिळायचे नसते. ना सून, ना जावई, ना वंश, ना प्रतिष्ठा. तिचे नुकसानच होण्याचा संभव अधिक, कारण लग्नानंतर तिच्या वाट्याचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. तरीही ती येते आणि पाहते.

‘म्युरिअल्स वेडिंग’ हा या विचाराचा सर्वांत सबळ पुरावा. पॉर्पॉइज स्पिट नावाच्या गावातली म्युरिअल लग्न या कल्पनेच्या इतकी आहारी गेलेली असते, की ती स्वतःचे नाव बदलून मॅरिअल करते आणि ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व हव्या असलेल्या एका परदेशी जलतरणपटूशी व्यवहाराचे लग्न लावते. चर्च भरलेले असते, छायाचित्रकार असतात, विधी यथासांग पार पडतो. त्या सगळ्या गर्दीत खरे बोलणारी एकच व्यक्ती असते: शाळेपासून ओळखणारी, आता चाकाच्या खुर्चीत बसलेली मैत्रीण ऱ्होंडा. या नव्या नावाच्या बाईपेक्षा ती जुनी म्युरिअल कितीतरी मोठी होती, हे ती तिला तोंडावर सांगते. चित्रपटाचा शेवट नवऱ्यापाशी होत नाही. लग्न मोडून, ऱ्होंडाला सोबत घेऊन म्युरिअल गाव सोडते, तिथे तो संपतो. मराठी वाचकाला यातले नाव बदलणे परके वाटू नये. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्या घरात ते नाव लिहिले जाते, त्या घराला जुन्या नावाची मुलगी ठाऊक नसते. पुढे त्या जुन्या नावाने तिला हाक मारणाऱ्यांत माहेरच्या माणसांबरोबर मैत्रिणी असतात. माहेरची माणसे वयाने पुढे जातात आणि एकेक करून कमी होतात. बरोबरीच्या मैत्रिणी त्या नावाच्या शेवटच्या राखणदार ठरतात.

‘मामा मिया’त हीच गोष्ट आनंदाच्या अंगाने येते. लग्न असते विशीतल्या सोफीचे, पण जुन्या मैत्रिणी येतात त्या तिच्या आईकडे, डोनाकडे. टान्या आणि रोझी कधीकाळी तिच्याबरोबर गाणाऱ्या. कर्ज, गळके छप्पर आणि एकटीने वाढवलेली मुलगी यांत डोना आपल्यातली गायिका विसरून गेलेली असते, आणि खचून पडलेल्या डोनाला या दोघी उठवतात त्या उपदेशाने नव्हे; ती कोण होती याची आठवण तिच्यासमोर नाचून-गाऊन उभी करतात. शेवटी सोफी लग्न तूर्त पुढे ढकलते आणि डोना स्वतः विवाहबद्ध होते. आधीच्या स्वतःशी गाठ पडल्याशिवाय डोनाला हे वचन देता आले नसते, आणि ती गाठ मैत्रिणींनी घालून दिलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे काम कुटुंब करतेच. आईपेक्षा मुलीला जास्त कोण ओळखते? आईची ओळख खोल असते, हे निर्विवाद. पण लग्नाच्या प्रसंगी कुटुंब साक्षीदार नसते, ते पक्षकार असते. त्याची अब्रू, त्याचा पैसा, त्याच्या आशा त्या मांडवात गुंतलेल्या असतात. ‘वीरे दी वेडिंग’मधली कालिंदी आईबापांची भांडणे पाहत वाढलेली, लग्नाच्या थाटामाटात तिचा जीव घुसमटतो, तेव्हा दोन्ही घरांना चिंता समारंभाची असते आणि तिची भीती कळते ती शाळेपासूनच्या तिघींना. पान नलिन यांचा ‘अँग्री इंडियन गॉडेसेस’ हा मुद्दा फार कठोर परिस्थितीत तपासतो. फ्रीडा मैत्रिणींना गोव्याच्या घरी बोलावते आणि लग्न करत असल्याचे सांगते. कुणाशी, ते मागाहून कळते, कारण तिची जोडीदार स्त्री असते. वडील यायला नकार देतात. 2015 साली हा चित्रपट आला तेव्हा कलम 377 लागू होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने विवाहाची मान्यता नाकारलेलीच राहिली. म्हणजे ज्या लग्नाला कायदा ओळखत नाही, शास्त्र ओळखत नाही, बाप ओळखत नाही, त्याला साक्षीला उरतात त्या मैत्रिणी. त्यांनीही नाकारले असते तर ते वचन हवेत विरले असते. पुढे त्यांच्यातल्या एकीचा अत्याचारानंतर मृत्यू होतो, मैत्रिणी सूड घेतात, आणि अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये पोलीस अधिकारी गुन्हेगारांना उभे राहायला सांगतो तेव्हा सारी माणसे उभी राहतात. त्या सुडाचे समर्थन मी करणार नाही. पण साक्ष देणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टीत आपले नाव घालणे, हे त्या दृश्याने जितके स्पष्ट सांगितले तितके क्वचितच सांगितले गेले असेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मैत्रीण निःस्वार्थ असते, हे गृहीत का धरायचे? ‘ब्राइड्समेड्स’मधली ॲनी मत्सराने पोळते, बालमैत्रीण लिलियनच्या आयुष्यात आलेल्या श्रीमंत हेलनमुळे ती इतकी बिथरते की लग्नाआधीचा समारंभच उधळून लावते. ‘द फॅब्युलस फोर’मध्ये तर एकीने दुसरीच्या मनातल्या पुरुषाशी लग्न केल्यामुळे पडलेली जुनी तेढ आहे. इथे उपनिषदातला पक्षी फळावर झडप घालताना दिसतो, हे मान्यच करायला हवे. परंतु ‘ब्राइड्समेड्स’ कुठे पोहोचतो, ते पाहा. लग्नाच्या दिवशी लिलियन नाहीशी होते, आणि तिला शोधायला हेलनला ॲनीच लागते. भेदरलेली लिलियन आपल्याच जुन्या घरात सापडते आणि ॲनी तिला धीर देऊन मांडवापर्यंत आणते, त्या लग्नात आपण मैत्रीण गमावणार या भीतीसकट. साक्षित्व जन्माने मिळत नाही, मत्सर ओलांडून ते कमवावे लागते. आपण स्वतःला पाहू शकतो त्याहून आपल्या निकटच्या माणसाला अधिक नीट पाहू शकतो, म्हणूनच सुखी माणसालाही मित्र लागतात, असे ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात मांडले. मात्र त्याच्या डोळ्यांसमोर पुरुष होते, आणि सोळाव्या शतकात माँतेन याने तर अशा मैत्रीचा भार पेलण्याची कुवत सर्वसाधारण स्त्रियांत नसते, असे लिहून ठेवले. ॲनीसारखी प्रत्येक नायिका त्या जुन्या विधानाला दिलेले उत्तर आहे.

हे सारे धंदेवाईक करमणुकीचे चित्रपट, त्यांतून तत्त्वज्ञान कसले काढायचे, असेही म्हटले जाईल. त्यांत खाऊनपिऊन सुखी घरांतल्याच बायका अधिक दिसतात, महागडी वस्त्रे आणि सहली दिसतात, हे खरे. पण लोकप्रिय कथा समाजाच्या मनातली गरज सांगते, आणि ही गरज महागड्या घरांपुरती नाही. आपली मंगळागौर पाहा. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीने पाच वर्षे करायची ही पूजा. बरोबरीच्या नवविवाहिता जमतात, रात्र जागवतात, फुगड्या, झिम्मा, पिंगा खेळतात. व्रताचा जाहीर हेतू सौभाग्याचा, म्हणजे पतीच्या आयुष्याचा. पण रात्रभर जे घडते ते स्त्रियांनी स्त्रियांना भेटणे. चित्रपटातल्या मैत्रिणींना लग्नाचे निमित्त लागते, आपल्या आज्यांना पूजेचे लागे. दोन्हीकडे मैत्रीला स्वतःच्या नावावर वेळ मिळत नाही, तो विवाहाकडून उसना घ्यावा लागतो. ही लाचारी संपावी, असे मला मनापासून वाटते.

तर मग मैत्रीलाही विधी आणि कर्तव्य जोडायचे का? त्याने तिचा मोकळेपणा मरणार नाही का? हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत आदरणीय वाटतो, कारण न बांधता टिकणे हेच मैत्रीचे तेज आहे. पण परंपरा वेगळे सांगते. वाल्मीकी रामायणात राम आणि सुग्रीव अग्नी पेटवून, त्याची प्रदक्षिणा करून सख्य जोडतात. छत्तीसगडमध्ये भोजलीचे अंकुर एकमेकींच्या कानांवर खोवून मुली आयुष्यभराच्या मैत्रिणी होतात आणि पुढे एकमेकींना ‘भोजली’ म्हणूनच हाक मारतात. नवविधा भक्तीत दास्यानंतरची, आठवी पायरी सख्याची आहे, आणि दासबोधात समर्थांनी सख्यासाठी स्वतःचे सुख सोडण्याची तयारी सांगितली आहे. देवाशी सख्य करतानाही ज्यांनी कर्तव्य मानले, त्यांना मैत्री त्यामुळे कोमेजते असे वाटले नाही. शिवाय सप्तपदीचे सातवे पाऊल सख्यासाठीच असते. पतिपत्नींनी शेवटी मित्र व्हावे, हे ज्या विधीचे ध्येय आहे, त्याने मैत्री शिकवणाऱ्या व्यक्तीला दाराबाहेर ठेवणे विसंगत आहे. बंधन नको, पण मान हवा.

कायद्याने वाट थोडी मोकळी केली आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्नाला तीन साक्षीदार लागतात आणि ते नात्यातले असावेत अशी अट नाही. नोंदणी कार्यालयात मैत्रीण सही करते तेव्हा शास्त्राने रिकामी ठेवलेली जागा भरून निघते. घरच्या मांडवातही हे अशक्य नाही. मुलीचे लग्न ठरवताना तिच्या मैत्रिणींना काय वाटते ते विचारा, आणि ऐकून घ्या. मांडवात त्यांना वधूशेजारी जागा द्या. आणि नवी सून घरी आल्यावर तिच्या मैत्रिणींना तिच्याकडे यायला लग्नाची, पूजेची वा बारशाची वाट पाहावी लागू नये, एवढी काळजी घ्या.