चमकणारी धार

॥ श्रीराम समर्थ ॥



मार्गशीर्ष वद्य दशमीला श्रीमहाराजांची पुण्यतिथी. दरवर्षी प्रसादाची भाजी चिरताना सुऱ्या कमी पडतात, म्हणून मी जुन्या बाजारातून एक मोठी सुरी ४० रुपयांना आणली. धार उन्हात नुसती चकचकत होती. घरी टोमॅटोवर धरली, तर साल कापेना, टोमॅटोच चेंगरला.

शेजारचे काका इथल्याच, गोकुळ रोडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांनी पातं कुठं वाकलं नाही ना ते बघितलं, मग धार वर करून दिव्याखाली धरली. म्हणाले, "वहिनी, ही पांढरी रेघ चमकते ना, तिथं धार गेलीय. खरी धार दिसत नाही. उजेड थांबायला तिथं जागाच नसते."

मला एकदम आपला ग्रुप आठवला. मागच्या गुरुवारी मी माझ्या जपाचा आकडा टाकला होता. किती जणांनी हात जोडले! आणि त्याच संध्याकाळी पोळ्या जाड झाल्या म्हणून सुनेला असं काही बोलले, की ती न जेवताच झोपली.

काकांनी दगड पाण्यात भिजवला. आधी खरखरीत बाजू, मग मऊ. पाठीकडून पातं १५ ते २० अंश उचलायचं आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. एक बाजू घासली की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर येते, तिला ते 'बर' म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा न्यायचा म्हणजे ती लागते. (धारेवरून लांबीनं बोट कधीही फिरवू नये.) बर आली म्हणजे घासणं धारेपर्यंत पोचलं. पण ती तशीच ठेवली तर सुरी पहिले दोन टोमॅटो झकास कापते, आणि मग बर वाकते की परत बोथट. ती काढायला जोर चालत नाही. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, हात हलका हलका करत जायचं. घाईनं मशीनच्या चाकावर धरली तर पातं तापून निळं पडतं, पोलादाचा कसच जातो.

जप केला की 'मी केला' ही बर येतेच. मला ती आली, आणि तिलाच मी धार समजले. वाकली कुठं, तर घरच्याच माणसावर.

काल रात्री सुनेला म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं गं." ती भांडी लावत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, ती सुरी दाखवा ना."

केंद्रात द्यायचा आकडा देईन, ग्रुपवर मात्र टाकणार नाही.

आणि हो, घरातल्या बोथट सुऱ्या शनिवारपर्यंत केंद्रात आणून द्या. काका दोन तास बसणार आहेत. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती निसटते. मागच्या वर्षी दोघींची बोटं कापली होती. आणताना कागदात गुंडाळा, मुठीवर नाव लिहा.

— एक सेवेकरी, गोकुळ रोड