निळदाढ्याच्या बायकोचा अपराध

शार्ल पेरो या फ्रेंच ग्रंथकारानें सन १६९७ त गद्य कथांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील निळ्या दाढीच्या धनाढ्य गृहस्थाची कथा पुष्कळांच्या ऐकण्यांत नसेल, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. या गृहस्थाच्या पूर्वीच्या बायकांचें काय झालें हें कोणासच ठाऊक नव्हतें. नवें लग्न झाल्यावर लवकरच तो प्रवासास निघाला. निघतांना त्यानें बायकोच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या दिल्या, आणि एक लहानशी खोली मात्र उघडूं नये अशी सक्त ताकीद केली. तिनें ती उघडिली. आंत पूर्वीच्या बायकांचीं प्रेतें होतीं! भयानें किल्ली हातांतून गळाली, तिला रक्ताचा डाग लागला, व तो धुऊन घासून कांहीं केल्या निघेना. तो डाग पाहून नवरा तिचा गळा कापणार, इतक्यांत तिचे दोन भाऊ येऊन पोहोंचले व त्यांनीं त्यासच ठार केलें.

कथेच्या शेवटीं पेरोनें जोडलेल्या पहिल्या बोधांत दोष दिला आहे तो स्त्रियांच्या जिज्ञासेस. खून करणाराविषयीं त्यांत अवाक्षरहि नाहीं! हा न्याय आम्हांस पटत नाहीं. ज्या आज्ञेचा हेतु पाप झांकणें हाच आहे, ती मोडण्यांत पाप कसलें? कोणी हव्वेचा दाखला देतील. परंतु एदेन बागेंतील मनाईआड कोणाचें प्रेत दडविलेलें नव्हतें. शिवाय, वाचकहो, पहिल्या बायकोचा विचार करा. ती मेली तेव्हां त्या खोलींत पाहण्यासारखें कांहींच नसावें. मग तिचा अपराध कोणता? आज्ञाभंग हें मारणाराचें केवळ निमित्त होय. तरी शेजारच्या घरांतून मारहाणीचा आवाज आला म्हणजे ‘तिनेंच कांहीं केलें असेल’ असें आपण म्हणतों, आणि दार लावून घेतों.

पुढील लेखकांनीं ही कथा सोडिली नाहीं. मॉरिस मेटरलिंक याच्या नाटकावर पॉल द्यूका यानें रचिलेली संगीतिका १९०७ सालीं पॅरिस येथें झाली. तींत पूर्वीच्या बायका जिवंत आहेत. नवी वधू आरियान त्यांस अंधारांतून बाहेर काढते, जाण्याची वाट मोकळी करते. आणि त्या जात नाहींत. तिला त्यांच्यावांचूनच निघावें लागतें. ही त्यांची भेकडाई असें कोणी म्हणेल. आम्हांस त्यांत बहुत दिवसांच्या दहशतीचें काम दिसतें.

इंग्रज लेखिका अँजेला कार्टर हिनें १९७९ त हीच कथा नव्यानें लिहिली, तींत सुटका करण्यास भाऊ येत नाहींत. मुलगी टेलिफोनवर नुसती रडली. तेवढ्यावरून आईनें ओळखलें, आणि ती घोड्यावर बसून वेळेवर येऊन पोहोंचली.